दहा-पंधरा वर्षं जुनी, भरवशाची फॅमिली कार घ्यायची तर

"कोरोला आहे हो, तिला काय होणार आहे?" गाडी विकणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की मी आधी बॉनेट उघडायला सांगतो आणि ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक बाहेर काढतो. गाडी वाईट असते म्हणून नव्हे. पण ज्या गाडीला काही होत नाही असं सगळे म्हणतात, तिच्याकडे बघायचं मालक सोडून देतात. सर्व्हिस सहा महिने पुढे ढकलली, गाडी चालली. मग वर्षभर ढकलली, तरी चालली. हा हिशेब कुठेतरी साठत जातो आणि बऱ्याचदा तो तिसऱ्या मालकाच्या गळ्यात पडतो.

जुनी गाडी घेताना आपण कंपनीचं नाव कमी आणि आधीच्या मालकाच्या सवयी जास्त विकत घेत असतो, असं माझं मत आहे. एरवी कोणी नाव न घेणारी, पण दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदललेली गाडी मी डोळे झाकून घेईन. नावाजलेली पण कसलीच नोंद नसलेली गाडी घेताना मात्र हात आखडता घेईन. पुढचं सगळं या एकाच गोष्टीभोवती आहे: त्या मालकाने ही गाडी कशी वापरली, हे गाडीकडूनच कसं काढून घ्यायचं.

आधी पिढी आणि इंजिन ठरवा, मॉडेल नंतर

"कॅमरी चांगली", "अकॉर्ड चांगली", "सिव्हिक चांगली" असं म्हणणं फार ढोबळ झालं. चांगली असते ती एखादी ठरावीक पिढी, तिच्यातलं ठरावीक इंजिन आणि त्याला जोडलेला ठरावीक गिअरबॉक्स. एकाच नावाखाली उत्तम आणि डोकेदुखी, दोन्ही गाड्या विकल्या गेल्या आहेत.

काही उदाहरणं देतो. २००७ ते २००९ च्या कॅमरीत जे २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन येत होतं (२एझेड-एफई), त्यातली बरीच इंजिनं ऑइल खाण्यासाठी ओळखली जातात. पिस्टन आणि रिंगची रचना हे त्याचं कारण. अमेरिकेत २०१० पासून त्याच कॅमरीत २.५ लिटरचं नवं इंजिन आलं आणि ती तक्रार बऱ्याच अंशी मागे पडली. म्हणजे बाहेरून जवळपास एकसारख्या दिसणाऱ्या २००९ आणि २०१० च्या गाड्या, पण आतून अगदी वेगळ्या. कोरोलाच्या १.८ लिटरच्या १झेडझेड-एफई इंजिनाचंही तसंच. सुरुवातीच्या वर्षांतली इंजिनं ऑइल जाळतात, नंतर पिस्टन सुधारला गेला. २००६ ते २००९ च्या होंडा सिव्हिकच्या १.८ लिटर इंजिनात काही गाड्यांचा ब्लॉकच (इंजिनाचा मुख्य सांगाडाच) तडकत होता आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गळत होतं; कंपनीने त्यासाठी वॉरंटी वाढवून दिली होती. आणि २००० च्या आसपासच्या व्ही-६ (सहा सिलिंडरच्या) होंडांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स! तेव्हाची चार सिलिंडरची मॅन्युअल अकॉर्ड घोड्यासारखी पळते, पण व्ही-६ ऑटोमॅटिकपासून जरा लांबच राहिलेलं बरं.

आणखी एक घोळ असतो. त्याच नावाची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या इंजिनांसह विकली जाते. तिकडच्या कुणाचं कौतुक वाचून इकडे गाडी घ्यायची असेल, तर नाव जुळतंय एवढ्यावर जाऊ नका. इंजिनाचा कोड जुळवा. बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा कागदपत्रांत तो असतो.

निवडताना मी स्वतः तीन गोष्टी बघतो. पहिली, इंजिन साधं असावं: टर्बो नसलेलं, आणि इंधन सिलिंडरच्या आत थेट न फवारता आधी इनटेकमध्ये फवारणारं. थेट फवारणीच्या जुन्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण पेट्रोल त्यांना धुऊन काढत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स. मॅन्युअल किंवा जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक असेल तर उत्तम. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) वाईटच असतो असं नाही, पण त्याचं ऑइल वेळेवर बदलल्याचा कागद नसेल तर मी पुढे जातो. तिसरी गोष्ट टायमिंग चेन की टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनशी ताळमेळ राखून उघडावेत म्हणून फिरणारी साखळी की पट्टा. चेन साधारणपणे इंजिनाला आयुष्यभर पुरते, पण ऑइल वेळेवर बदललं असेल तरच. बेल्ट मात्र बदलावाच लागतो, बहुतेक गाड्यांत १,००,००० किलोमीटरच्या आसपास किंवा थोडा पुढे, आणि गाडी कमी चालली असली तरी काही वर्षांनी. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग ते इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. "बेल्ट बदललाय" हे नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका, बिल मागा. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरूनच किंमत ठरवा.

घरात लहान मूल असेल तर सीटला आयसोफिक्सचे (मुलाची सीट अडकवायचे) हुक आहेत का बघा, आणि गाडी घसरू लागली तर सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे का तेही. अमेरिकेत ते २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत ते असेलच असं नाही, आणि महाग प्रकारात असलं तरी स्वस्त प्रकारात नसतं.

सगळे पैसे गाडीतच घालू नका

हातात जेवढे पैसे आहेत त्यातले पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा आणि ते नाहीतच असं समजा. जुनी गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात ती मागणारच: सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, बॅटरी, एखाद-दोन टायर. पूर्ण रक्कम गाडीवर उधळली की माणूस दुरुस्ती पुढे ढकलतो, आणि मग आपणही त्याच निष्काळजी मालकांच्या रांगेत जाऊन बसतो.

फोनवरच अर्धं काम होतं

गाडी बघायला जाण्याआधी फोनवर चार प्रश्न विचारा. गाडी किती वर्षांपासून तुमच्याकडे आहे? का विकताय? सर्व्हिस कुठे केली, बिलं आहेत का? शेवटचं ऑइल कधी बदललं? उत्तरांपेक्षा ती कशी येतात ते ऐका. ज्याने गाडी सांभाळली आहे तो पटकन सांगतो, उलट जास्तच सांगतो: "मागचा डावा शॉकअब्सॉर्बर बदललाय, उजवा अजून चांगला आहे." ज्याने नुसती वापरली तो म्हणतो, "सगळं ओके आहे, तुम्ही या तर खरं."

फोन ठेवताना एक विनंती नक्की करा: "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, रात्रभर उभी असलेलीच बघायची आहे." कारण पुढे येईल.

कागद आणि चेसिस नंबर

प्रत्येक देशाचे कागद वेगळे, त्यामुळे नमुन्यांत शिरत नाही. तीन गोष्टी सगळीकडे सारख्या असतात. नोंदणीवर नाव त्याचंच आहे का, जो समोर उभा आहे. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, आणि असेल तर फेडल्याचा कागद कुठे आहे. आणि गाडीवरचा चेसिस नंबर कागदांवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का.

१९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांवर हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. नंबर एकाच जागी बघून थांबू नका. विंडस्क्रीनच्या खाली, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर, बॉनेटखाली किंवा सीटखाली कोरलेला, जिथे जिथे सापडेल तिथे वाचा. अक्षरांच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर बोलणं तिथेच संपवा.

त्याच नंबरावरून कंपनीच्या किंवा सरकारी साइटवर रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का तेही कळतं. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण ताकाता कंपनीच्या एअरबॅग. त्यांच्या इन्फ्लेटरमधला (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातला) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणामुळे वर्षानुवर्षं बिघडत जातो आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. होंडा, टोयोटा, निसान, बीएमडब्ल्यू अशा अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या यात परत बोलावल्या गेल्या, आणि त्या नेमक्या आपण ज्या वयाच्या गाड्या शोधतोय त्याच आहेत. बदलून देण्याचं काम कंपनीकडून फुकट होतं. बदललेली नसेल तर ती बदलून घेतल्याशिवाय घरातल्या माणसांना त्यात बसवू नका.

उजेडात आणि कोरडी बघा

रात्री, पावसात किंवा नुकतीच धुतलेली गाडी बघू नका. ओला रंग सगळे पोचे आणि रंगातला फरक झाकतो. दिवसा, उघड्यावर, गाडीपासून पाच-सहा पावलं मागे उभं राहून आधी नुसती रेषा बघा. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीच्या आहेत का? मग गाडीच्या कोपऱ्यात खाली वाकून रंगात पडलेलं प्रतिबिंब बघा. मूळ पत्र्यात ते सरळ जातं, लांबी (पोचे बुजवायची पुट्टी) भरून रंगवलेल्या जागी ते थरथरतं.

कंपनीच्या रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर झकास. एखाद्या दारावर ४००-५०० आकडा दिसला तर तिथे लांबी आहे. यंत्र नसेल तर बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. कारखान्यात ते बसवून मग रंगवलेले असतात. पान्याने फिरवल्यावर कडांवरचा रंग उडतो. बोल्टच्या कडा चकाकत असतील तर तो भाग कधीतरी काढलाय. नुसता एक फेंडर बदललेला असणं मला खटकत नाही, शहरात चालणारी गाडी कुठे ना कुठे घासतेच. खटकतं ते पुढचे आतले पत्रे, मुख्य चौकट किंवा छताचे खांब यांना हात लागलेला असणं. त्यावर अपघातात माणसांचा जीव अवलंबून असतो.

काचांवर कोपऱ्यात छोटी छापील खूण असते, तिच्यात वर्ष कळतं. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी, तर विचारा का. सीटबेल्टच्या खालच्या टोकाला लेबलवरही तारीख असते.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायला सीटबेल्टच सर्वात उपयोगी. तो शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि शेवटची दोन हात पट्टी मळकट, गाळाची रेघ असलेली, तर गाडी बुडाली होती. मालक कार्पेट बदलतो, सीट धुतो, पण गुंडाळलेला बेल्ट ओढून धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. सीटच्या रुळांखालचा गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातली माती आणि जास्त सुगंधी असलेली केबिन, हेही तेच सांगतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. वायरिंगच्या जोडांत गंज शिरला की तो वर्षानुवर्षं नवनवे बिघाड काढत राहतो.

मीटर काय सांगतो, आणि ब्रेकचं रबर काय सांगतं

मीटरवरचा आकडा बदलता येतो, अगदी डिजिटलसुद्धा. पण गाडी किती चालली याची नोंद आणखी दहा ठिकाणी होत असते. एकदा एक बारा वर्षांची गाडी बघायला गेलो होतो. मीटर ५८,००० दाखवत होता आणि विकणारा म्हणत होता, "वडील फक्त देवळात आणि बाजारात जायचे." मी वाकून ब्रेकचं पेडल बघितलं. रबरावरच्या रेघा उजव्या कोपऱ्यात पार गुळगुळीत झाल्या होत्या आणि आतलं लोखंड चकाकत होतं. स्टीअरिंगवर वरच्या डाव्या बाजूचं चामडं चमकदार झालेलं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबून बसलेली. वडील इतक्या वेळा देवळात गेले असते तर देवच दर्शनाला बाहेर आले असते. गाडी सोडली.

सर्वसाधारणपणे गाडी वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर चालते. त्यापेक्षा फारच कमी आकडा असेल आणि पेडल, स्टीअरिंग, सीट तसं म्हणत नसतील तर आकडा खोटा समजा. आणि आकडा खरा असला तरी फार कमी चाललेली गाडी आपोआप चांगली ठरत नाही. रोज दोन-तीन किलोमीटरच जाणाऱ्या गाडीचं इंजिन कधी पुरतं तापतच नाही, ऑइलमध्ये ओल साचते. उभ्या गाडीची रबरं आणि सीलं वाळतात. २,००,००० किलोमीटर हायवेवर चाललेली, वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी मला ६०,००० ची उभी राहून राहून सुकलेली गाडी सोडून घ्यावीशी वाटते. हे ऐकून बरेच जण नाक मुरडतात, पण मत माझं आहे.

टायरच्या कडेला एक चार अंकी आकडा असतो. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांच्या टायरवर घरच्यांना घेऊन हायवेवर जाऊ नये. टायर एका कडेनेच झिजलेला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शनचं काहीतरी वाकलंय.

थंड इंजिन सगळं सांगतं

सगळ्या पाहणीतला हा भाग मी सर्वात सावकाश करतो. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच चालवून ठेवलीय. "गाडी हलवायची होती" वगैरे कारण ऐकून घ्या, हसा, आणि सांगा की उद्या सकाळी येतो. गरम इंजिन बरेच आजार लपवतं.

बॉनेट थंड असेल तर आधी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घालून काढा. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर दोनच शक्यता: इंजिन ऑइल खातंय, किंवा मालक कधी बघतच नाही. दोन्ही वाईटच. पेट्रोल गाडीचं ऑइल तपकिरी-काळपट झालेलं असणं चालतं. बोटांत चोळल्यावर खरखर लागता कामा नये. मग ऑइल भरायचं झाकण उघडा आणि खालून बघा. हा दोन सेकंदांचा प्रकार लोक विसरतात. झाकणाखाली आणि आत दिसणाऱ्या धातूवर पातळ, सोनेरी-तपकिरी थर असेल तर ऑइल वेळेवर बदललं गेलंय. डांबरासारखा जाड, काळा थर असेल तर वर्षानुवर्षं एकच ऑइल फिरतंय. सायीसारखा पांढरट-पिवळा थर दिसला तर एकतर गाडी फारच थोडी-थोडी चालते, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधलं सील) गेलंय आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. हा फरक पुढच्या पायरीत कळतो.

इंजिन थंड असतानाच (गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफ चेहऱ्यावर येते) कूलंट बघा. रंग हिरवा, लाल, गुलाबी, निळा काहीही असू दे, पण स्वच्छ हवा. गंजासारखं तांबूस पाणी म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलंय. वर तेलाचा तवंग म्हणजे गॅस्केटचा संशय पक्का. नंतर इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय. मग ती गाडी नको.

आता चावी दुसऱ्याला द्या, स्वतः सायलेन्सरच्या मागे उभे राहा आणि चालू करायला सांगा. कान इंजिनाकडे, डोळे धुराकडे. पहिल्या एक-दोन सेकंदांत साखळी खळखळल्यासारखा आवाज येऊन थांबला तर टायमिंग चेन ताणली गेली असण्याची शक्यता आहे. चालू होताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला तर रात्रभरात व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली झिरपलंय. ही दुरुस्ती फार अवघड नाही. पण वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग गेल्या, म्हणजे इंजिनाचं काम निघालं. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ नैसर्गिक आहे, इंजिन तापलं की ती जाते. तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जळतंय; बहुतेकदा सेन्सर किंवा इंजेक्टरचा प्रश्न.

चावी चालूवर घेतल्या घेतल्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅग किंवा चेक इंजिनचा दिवा लागतच नसेल तर ते चांगलं लक्षण नाही, कुणीतरी बल्बच काढून टाकलाय.

ओबीडी स्कॅनर: छोटं यंत्र, मोठा फायदा

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांत ओबीडी-२ चं (गाडीच्या संगणकाकडून बिघाड वाचायचं) सॉकेट असतं, बहुतेक ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ. स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर त्याला लावलं की फोनवर बिघाडाचे कोड दिसतात. पी०३०० म्हणजे सिलिंडर मिसफायर होतायत (त्यांत इंधन नीट पेटत नाही), पी०४२० म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकलाय आणि तो महाग भाग आहे.

हुशार विकणारे गाडी दाखवण्याआधी कोड पुसून टाकतात. मग स्कॅनर म्हणतो, काही नाही. इथे 'रेडिनेस' नावाची यादी उघडा. गाडी स्वतःच्या ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिस्ट, इंधनाची वाफ अशा चाचण्या चालताना करत असते. कोड पुसले की या चाचण्या 'अपूर्ण' होतात आणि बरंच चालवल्यावरच पूर्ण होतात. रोजच्या वापरातल्या गाडीत चार-पाच चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड काल-परवाच पुसलेत. विकणाऱ्याला शांतपणे विचारा, "बॅटरी काढली होती का नुकतीच?" त्याचा चेहरा बघा.

चालवून बघा, रेडिओ बंद करून

किमान अर्धा तास, आणि त्यात गल्ली, चढ, खराब रस्ता आणि मोकळा रस्ता सगळं हवं. विकणारा बाजूला बसून बोलत राहतो. त्याला बोलू द्या, पण लक्ष आवाजाकडे ठेवा.

- मॅन्युअल गाडी कमी वेगात वरच्या गिअरला असताना एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचे फेरे वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपलीय.
- ऑटोमॅटिकमध्ये थांबून 'डी' किंवा 'आर' ला टाकल्यावर गाडीने सेकंदाच्या आत पकड घ्यावी, धक्का न मारता. तापल्यावर गिअर बदलताना थरथर, घसरणं किंवा उशीर जाणवला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.
- मोकळ्या जागी स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरा. टक-टक-टक आलं तर सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद चाकाला देणारा सांधा) झिजलाय.
- खड्ड्यांवरून सावकाश जा. पुढून ठक-ठक येत असेल तर सस्पेन्शनचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट यांतलं काहीतरी. बहुतेक स्वस्त दुरुस्ती असते, पण घासाघीस करायला कामी येते.
- मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नसताना जरा जोरात ब्रेक लावा. स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात, गाडी एका बाजूला ओढली गेली तर एखादं कॅलिपर (ब्रेकचा चिमटा) अडकतंय.

सगळा वेळ तापमानाच्या काट्यावर एक नजर असू द्या. मधोमध येऊन तो स्थिर राहायला हवा. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवा, एसी लावा आणि दहा मिनिटं उभी करा. रेडिएटरचा पंखा चालू-बंद होतो का आणि काटा वर सरकतो का बघा. हीटरही लावून बघा, उन्हाळा असला तरी. इंजिन तापलंय आणि हीटरमधून थंडच हवा येतेय, तर कूलंट कमी आहे किंवा कुठेतरी अडकलंय. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला तर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत.

शेवटी गाडी जिथे उभी होती ती जमीन बघा. एसीचं स्वच्छ पाणी चालेल. बाकी कुठलाही डाग चालणार नाही.

तुमचा मेकॅनिक, त्याचा नव्हे

इतकं बघूनही गाडी पसंत पडली, तरच पैसे देऊन तुमच्या माहितीच्या मेकॅनिककडून ती वर उचलून तपासून घ्या. विकणारा "आमच्याच माणसाला दाखवू" म्हणाला तर नम्रपणे नकार द्या. मेकॅनिकला नुसतं "कशी आहे?" विचारू नका, तो "चांगली आहे" म्हणून मोकळा होतो. चौकटीला गंज किंवा वेल्डिंग आहे का, गिअरबॉक्सच्या ऑइलचा रंग आणि वास कसा आहे (ऑटोमॅटिकचं बहुधा लालसर असतं, काळपट आणि जळका वास असेल तर वाईट), इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) सगळ्या सिलिंडरांत सारखं आहे का आणि पुढच्या वर्षभरात कशाकशावर खर्च येईल, अशी नेमकी उत्तरं मागा. कॉम्प्रेशनच्या आकड्यांत एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर बाकीचं सगळं चांगलं असूनही मी मागे फिरतो.

गाडी हायब्रिड असेल तर मोठ्या बॅटरीच्या थंड हवेची जाळी मागच्या सीटजवळ असते. ती धुळीने आणि केसांनी बुजलेली असेल तर बॅटरी वर्षानुवर्षं तापत राहिली आहे. बॅटरी किती उरलीय हे स्कॅनरने तपासून घ्या.

भाव

मेकॅनिकने दिलेली खर्चाची यादी समोर ठेवूनच बोला. "गाडी जुनी आहे" यावर भाव उतरत नाही, पण "पुढचे दोन बुश, बेल्ट आणि चारही टायर, एवढे लागणार" यावर उतरतो. उतरला नाही तरी ठीक आहे. भरवशाच्या गाडीला बाजारात मागणी असतेच, तिच्यासाठी थोडं जास्त मोजायला हरकत नाही, पण त्या जास्तीच्या पैशांच्या बदल्यात सर्व्हिसची बिलं हातात यायला हवीत. नुसत्या नावासाठी जास्त मोजू नका. आणि उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय असं ऐकलं तर त्याला येऊ द्या.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड बदला. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे उकळण्याचा बिंदू खाली येतो; दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि बहुतेक मालक ते कधीच बदलत नाहीत. गिअरबॉक्सचं ऑइलही बदला, "आयुष्यभराचं" असं लिहिलेलं असलं तरी. बेल्टचं बिल मिळालं नसेल तर बेल्ट आणि त्याच्या आतला वॉटर पंप एकदमच बदलून घ्या, दोन्ही उघडायची मजुरी एकच लागते.

ऑइल बदललं त्या दिवशी सपाट जागेवर पातळी वरच्या खुणेला आणून ठेवा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. हजार किलोमीटर झाले की थंड इंजिनावर पुन्हा डिपस्टिक बघा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटरचं अंतर असतं. पातळी पाव अंतर खाली आली असेल तर जुन्या इंजिनाला चालतं. अर्ध्यावर आली असेल, म्हणजे हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तर डिकीत एक ऑइलचा डबा ठेवा आणि दर दोन टाक्या पेट्रोल भरलं की एकदा बॉनेट उघडा.